दोन नाकांचा नियम

गटात एकशे बारा सभासद होते. त्यांपैकी एकोणचाळीस जणांनी स्वतःचं खरं नाव लावलं होतं, सत्तर जणांनी टोपणनाव घेतलं होतं, आणि तिघांनी नावाच्या जागी नुसतं टिंब दिलं होतं. रोज काही ना काही लिहिणारे चौदा, अधूनमधून तोंड उघडणारे एकतीस, आणि फक्त वाचणारे सदुसष्ट. ही मोजणी तिने जेवणाच्या सुट्टीत केली, डबा न उघडता. ती स्वतः त्या सत्तरांपैकी होती. तिथे तिचं नाव होतं ‘रिकामी डबी’.

गट होता वास न येणाऱ्यांचा. कुणाचा तापात गेला, कुणाचा डोक्याला मार लागून, एकाला तर जन्मापासून नव्हताच. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका मास्तरांनी तो सुरू केला होता आणि वर्गासारखाच चालवला होता. कुणी विषय सोडून लिहिलं की मास्तर नकाशावर छडी आपटावी तसे दोन शब्द लिहायचे, ‘मुद्द्यावर या.’

मुद्द्यावर यायला मात्र कुणालाच नको होतं, कारण गेले कित्येक दिवस भांडण चाललं होतं ते गटाच्या नावावरून. मूळ नाव ‘वास न येणारे’. त्यावर एक दंतवैद्य म्हणाला की हे ऐकून लोकांना वाटतं आपण दोनदा आंघोळ करतो. एका निवृत्त कारकुनाने ‘घ्राणबाधित परिवार’ सुचवलं. ट्रक चालवणाऱ्या एकाने लगेच लिहिलं, “परिवार नको. परिवार म्हटलं की कुणीतरी रुसणार, कुणीतरी समजूत काढणार. आणि ‘घ्राण’ म्हणजे काय ते मला बायकोला विचारावं लागलं.” शिवणकाम करणाऱ्या एक काकू म्हणाल्या, नावात नाक नको, मुली दाखवायला अडचण येते. कारकुनाने त्या सूचनेवर आक्षेप घेतला, काकूंनी कारकुनावर. शेवटी ट्रकवाला म्हणाला, “नाक गेलं तरी मुरडायची सवय गेली नाही म्हणायची.”

इथवर ती हसत वाचत होती. मग तो थेंबवाला निघाला.

‘पुन्हा सुगंध’ या नावाने एक जण गटात आला होता. बायको गेली, तिच्या साडीचा वासही आता येत नाही, असं त्याने इतकं रडवेलं लिहिलं की काकूंनी त्याला भाऊ मानलं. आणि मग एका सकाळी त्याने नाकात घालायच्या थेंबांचा फोटो टाकला, किमतीसह. बायको कधी नव्हतीच. मास्तरांनी त्याला काढलं आणि फर्मान सोडलं: रविवारपर्यंत प्रत्येकाने खरं नाव, गाव आणि काम लिहावं. जो लिहिणार नाही त्याला निरोप. ‘ज्याचं नाव खोटं, त्याचं दुःखही खोटं असू शकतं.’

त्याखाली ‘थंड चहा’ नावाच्या सभासदाने लिहिलं, “मास्तर, खरं नाव लिहून नोकरी गेली, तर दुःख खरं धरणार का?”

तिच्या मनातलंच वाक्य होतं ते. म्हणूनच तिने फोन टेबलावर पालथा ठेवला. आपल्या मनातलं दुसऱ्याने बोलून दाखवलं की बाकीच्यांना बरं वाटतं. ती मात्र ते वाक्य शब्द न् शब्द तपासू लागली. कुणाची नोकरी? कुठली?

तिची नोकरी होती वास घेण्याची. साबणाच्या कारखान्यात, वासाच्या खोलीत. खोलीला पांढरा रंग, एक लांब टेबल, छतात हवा ओढणारा पंखा, आणि आत यायच्या आधी हात बिनवासाच्या साबणाने धुवायचे. कारखान्यातून जाणारा प्रत्येक माल इथून जायचा. नियम साधा होता: एका नाकाचा भरवसा नाही, दोन नाकांनी वेगवेगळं हुंगायचं आणि दोघींचं जुळलं तरच माल बाहेर. एक नाक ताईंचं. त्या इथे बावीस वर्षं होत्या. दुसरं तिचं. खालचे लोक त्यांना थोरलं नाक आणि धाकटं नाक म्हणत. ताईंना ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

हिवाळ्यात तिला ताप आला होता. उठली तेव्हा चहा म्हणजे गरम पाणी आणि साबण म्हणजे नुसता गुळगुळीत दगड झाला होता. आठवडाभरात परत येईल, डॉक्टर म्हणाले होते. तो आठवडा अजून संपला नव्हता. भावाच्या शिक्षणाचे हप्ते आणि घराचं भाडं या नाकावर उभं होतं, आणि नाक नसलेल्या माणसाला वासाच्या खोलीत कोण ठेवून घेणार?

म्हणून ती ताईंचं तोंड वाचायची. ताई मालाच्या द्रावणात बुडवलेली कागदी पट्टी नाकाखाली धरत, डोळे मिटत, थांबत. डावी भुवई वर गेली की वास जड. ओठ मिटले की ठीक. मान किंचित मागे गेली की काहीतरी बिघडलं आहे. मग ताई विचारत, “तुला काय वाटतं गं?” आणि ती भुवईत वाचलेलं उत्तर देई. “जरा जड आहे, ताई.” “मलाही तेच वाटलं,” ताई म्हणत, आणि दोघी आपापल्या चिठ्ठीवर तेच लिहीत. वेगवेगळं लिहायचा नियम केव्हाच सैल झाला होता. तिला तो सैल हवाच होता.

पण या उन्हाळ्यात तिच्या नजरेला काही गोष्टी खटकू लागल्या. पूर्वी ताई आधी निकाल सांगत आणि मग तिला शिकवत. आता त्या बहुतेक वेळा “तू आधी” म्हणू लागल्या होत्या. दरवर्षीची नाकांची परीक्षा असते, सोळा बाटल्या, प्रत्येकीला चार पर्याय, बारा बरोबर आल्याशिवाय खोलीत बसता येत नाही. ती परीक्षा ताईच घेत, आणि या वर्षी त्यांनी ती दोनदा पुढे ढकलली होती. ती खोलीत शिरली की ताई फोन पालथा करत. आणि गटात हा ‘थंड चहा’ एकदा लिहून गेला होता, ‘आमच्याकडे दोघांनी स्वतंत्र हुंगायचं असतं, मध्ये कोरं काहीतरी हुंगून नाक ताजं करायचं.’ कोरं. बिनवासाच्या वस्तूला ‘कोरं’ म्हणताना तिने या खोलीबाहेर कुणाला ऐकलं नव्हतं.

जुळवायला गेलं की सगळं जुळत होतं. ताईंना संशय आला आहे. ताईंनी तिला गटात शोधलं आहे. त्या तिची वाट बघत आहेत.

आणि त्याच दुपारी ‘थंड चहा’कडून खासगी निरोप आला: ‘रिकामी डबी, तुम्ही काय काम करता? वासाशी संबंध आहे का?’

तिने उत्तर दिलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. तिच्या मनात तर पौर्णिमा झाली होती.

घरी आईचं वेगळंच चाललं होतं.

“हे दूध नासलंय,” आई पातेलं हुंगत म्हणाली. “आणि तू अर्धा पेला प्यालीस.”

“घाईत होते.”

“घाईत माणूस चपला उलट्या घालतो. नासकं दूध पीत नाही.” आईने पातेलं मोरीत ओतलं. “त्या फोनमध्ये कोण आहे?”

“कुणी नाही. एकशे बारा जण आहेत.”

“एक असता तर मी समजून घेतलं असतं,” आई म्हणाली.

तिला सांगावंसं वाटलं. पण आईला सांगितलं की मावशीला कळणार, मावशीला कळलं की मावशीच्या सुनेला, आणि ती सून कारखान्याच्या पॅकिंग खात्यात होती. तिने पेला विसळला आणि फळीवर ठेवला.

शुक्रवारी माल परत आला. लहान मुलांच्या साबणाची खोकी, दुकानदारांनी फोडून परत पाठवलेली. तेल खवट झालं आहे, वडी ओली केली की कळतं, अशी तक्रार. प्रयोगशाळेचे साहेब खोकं घेऊन स्वतः वर आले. शांत माणूस, रागावले की आणखी शांत व्हायचे.

“हा माल इथून पास झाला,” ते म्हणाले.

“झाला,” ताई म्हणाल्या.

“दोन्ही नाकांनी?”

“दोन्ही नाकांनी.”

साहेबांनी दोघींकडे आळीपाळीने पाहिलं. “याच तेलाची पुढची खेप सोमवारी येईल. ती लहान मुलांच्या अंगाला लागते, एवढं लक्षात असू द्या.” आणि ते खोकं टेबलावर ठेवून गेले.

ते गेल्यावर ताईंनी एक वडी उचलली, हुंगली, आणि तिच्यापुढे धरली. “तू बघ बरं.”

तिने ताईंच्या तोंडाकडे पाहिलं. भुवई जागेवर, ओठ जागेवर, मान जागेवर. ताई काहीच दाखवत नव्हत्या. दाखवायचं नाही असंच ठरवून बसल्यासारख्या.

“खवट,” ती म्हणाली, कारण साहेबांनी तसं म्हटलं होतं.

“हं,” ताई म्हणाल्या.

त्या ‘हं’मध्ये काय होतं ते तिला घरी जाईपर्यंत उमगलं नाही, आणि जे उमगलं ते चुकीचं होतं. तिला वाटलं, ताई तिला दोर देत आहेत, स्वतःच्या हाताने गळ्यात घालायला.

रविवारी गटात नावांचा पाऊस पडला. दंतवैद्याने पदव्यांसकट लिहिलं. ट्रकवाल्याने नाव लिहिलं आणि गावाच्या जागी ‘गाव बदलत राहतं’ असं. काकूंनी फोन नंबरही दिला, आणि मास्तरांनी तो काढून टाकायला लावला. संध्याकाळी मास्तरांनी मुदत बुधवारपर्यंत वाढवली, कारण अजून अठ्ठेचाळीस जण बाकी होते आणि तिन्ही टिंबं जागची हलली नव्हती. “नुसतं वाचणारे म्हणजे खिडकीतून दुसऱ्याच्या घरात बघणारे,” मास्तरांनी लिहिलं. त्यावर थंड चहा म्हणाला, “मास्तर, थंडीत बाहेर उभा असलेला माणूसही खिडकीतूनच बघतो.” मास्तरांनी उत्तरात दोनच शब्द लिहिले. मुद्द्यावर या.

सोमवारी सकाळी तिने ठरवलं की अंदाज पुरे, आता प्रयोग.

पट्ट्या तयार करणं तिचंच काम होतं. एरवी ती प्रत्येक पट्टीचं टोक मालाच्या द्रावणात बुडवायची आणि चिमट्याला लावायची. आज तिने पहिल्या दोन पट्ट्या बिनवासाच्या द्रावकात बुडवल्या. ओल्या दिसणार, पण त्यांत काहीच नसणार. ताई त्या हुंगतील आणि म्हणतील, अगं, बुडवायला विसरलीस. आणि दुपारी थंड चहा गटात लिहील, आमच्याकडे आज धाकटीने कोऱ्या पट्ट्या ठेवल्या. तसं झालं तर ताई म्हणजेच थंड चहा हे सिद्ध होईल. नाही झालं तर ती निदान आज रात्री झोपेल.

ताई आल्या. हात धुतले, पदर खोचला, खुर्चीत बसल्या. पहिली पट्टी उचलली. नाकाखाली धरली, डोळे मिटले, थांबल्या.

“लव्हेंडर थोडं पुढे आलंय,” ताई म्हणाल्या. “तुला काय वाटतं गं?”

“हो, ताई,” सवयीने तिच्या तोंडून गेलं.

मग ती थांबली. तिने ताईंच्या हातातल्या पट्टीकडे पाहिलं. चिमट्यावरचा आकडा पाहिला. पहिलीच होती. पट्ट्यांची अदलाबदल झाली का? नाही, तिने स्वतः लावल्या होत्या. ताई आपली परीक्षा बघत आहेत का? कोरं ओळखूनही लव्हेंडर म्हणाल्या, आपण काय म्हणतो ते बघायला? आणि आपण हो म्हणालो. संपलं.

ताईंनी दुसरी पट्टी उचलली. डावी भुवई वर गेली. “ही जड आहे. काय?”

या वेळी तिने भुवईकडे पाहिलं नाही. ताईंच्या डोळ्यांकडे पाहिलं. ते पट्टीवर नव्हते. ते तिच्या तोंडावर होते. ती जशी आजवर ताईंचं तोंड वाचत आली, तसे.

“ताई,” ती म्हणाली, “दोन्ही कोऱ्या आहेत.”

ताईंनी पट्टी खाली ठेवली, अगदी सरळ, टेबलाच्या कडेला समांतर.

“तुला कसं कळलं?”

“मीच ठेवल्या.”

“म्हणजे नाकाने नाही.”

“नाही.”

ताईंनी खुर्ची तिच्याकडे वळवली. “कधीपासून?”

“हिवाळ्यापासून. तापानंतर.”

“माझा त्याच्या आधीच्या पावसाळ्यात गेला,” ताई म्हणाल्या. “हळूहळू. आधी फुलं गेली, मग लिंबू. शेवटी फक्त रॉकेल उरलं होतं. तेही गेलं तेव्हा मी इथे बसून तुझी वाट बघायला लागले. तू नाक मुरडलंस की जड, तू हसलीस की ठीक.”

“मी तर तुमच्या भुवईवरून सांगत होते.”

“माझी भुवई?” ताईंनी कपाळाला हात लावला. “ती तर डोळा दुखतो म्हणून वर जाते. चष्म्याचा नंबर वाढलाय.”

दोघींना हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. टेबलावर साहेबांनी आणलेलं खोकं तसंच होतं. तिने मनातल्या मनात मागे जायचा प्रयत्न केला: कुठला माल डोळा दुखला म्हणून परत गेला, कुठला दोघींचे चेहरे कोरडे होते म्हणून पास झाला. तिला आठवेना. कुणालाच आठवलं नसतं.

“मग गटात माझ्यावर नजर का ठेवलीत?” तिने विचारलं.

“कुठल्या गटात?”

“मास्तरांच्या. थंड चहा तुम्हीच ना?”

ताईंनी पर्समधून फोन काढला आणि उघडून तिच्यापुढे धरला. वर नावाच्या जागी एक टिंब होतं. “मी हे. गटात एक अक्षर लिहिलं नाही आजवर. थंड चहा चहाच्या गोदामात आहे, वास घेऊन चहा वेगळा करतो. आता अंदाजाने करतो. तुमचं काम काय म्हणून त्याने मला खासगीत विचारलं, मी सांगून टाकलं. बिचारा आपल्यासारखा कुणी आहे का शोधतोय, एवढंच.” मग त्यांचा आवाज खाली गेला. “मला तर ती रिकामी डबी साहेबांनी पेरलेली वाटत होती. सारखी विचारायची, नोकरीवर सांगितलं का, कसं सांगितलं.”

“ती मी.”

“ते आता कळलं.”

खालून गाडा आल्याचा आवाज झाला. लहान मुलांच्या साबणाची नवी खेप. गाडेवाल्या माणसाने नमुन्याची काच, म्हणजे काचेचं झाकण असलेली बशी, टेबलावर ठेवली, “थोरलं नाक, धाकटं नाक, दुपारी गाडी लागायची आहे,” म्हणाला, आणि गेला. काचेखाली किसलेला साबण होता, पांढरा, निरागस. तो खवट होता की नव्हता, हे त्या खोलीत कुणालाच सांगता येत नव्हतं.

“आपण दोघी गप्प बसलो तर,” ताई काचेकडे बघत म्हणाल्या, “कोण विचारणार? माझी चार वर्षं उरलीत.”

तिला हप्ते आठवले, भाडं आठवलं. तिलाही हेच म्हणायचं होतं, फक्त ताई आधी म्हणाल्या. “तू आधी” असं या वेळी म्हणाल्या नव्हत्या.

“आणि याला काय लिहायचं, ताई?” तिने काच पुढे सरकवली. “भुवई बघून?”

ताईंनी लाल चिठ्ठी ओढली, ‘थांबवा’ लिहिलं आणि काचेवर चिकटवली. मग दोन्ही हात टेबलावर ठेवून बसून राहिल्या.

“साहेबांकडे जायचं,” ती म्हणाली.

“जाऊ. पण आधी तिकडे लिहून बघते,” ताईंनी फोन उचलला. “साहेबांना तोंडाने सांगायच्या आधी हाताला तरी सवय होऊ दे.”

त्यांनी एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत लिहिलं. आधी टिंब खोडून नाव. खाली, ‘मी साबणाच्या कारखान्यात वास तपासते. मला वास येत नाही.’ तिने आपल्या फोनवर ‘रिकामी डबी’ खोडली, स्वतःचं नाव घातलं आणि त्याखाली लिहिलं, ‘मी यांच्या शेजारी बसते. मलाही नाही.’

सगळ्यात आधी थंड चहाने लिहिलं, “या.” मग ट्रकवाला, “दोन्ही नाकं एकाच खोलीत? कंपनीचं नाव सांगू नका, आमच्याकडे तोच साबण असेल.” मग मास्तर. “स्वागत. पहिल्या ताईंचं आडनाव राहिलं आहे.”

ताईंनी आडनाव लिहिलं, फोन पर्समध्ये टाकला, आणि उठल्या.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं, काच हातात घेतली, स्वतः हुंगली, चेहऱ्यावर काही न दाखवता खाली ठेवली, आणि कपाटातून बाटल्यांची पेटी काढली.

“बोलण्यावर मी काही ठरवणार नाही,” ते म्हणाले. “परीक्षा द्या. दोघी वेगळ्या खोल्यांत. बाटल्या मी उघडीन. डोळे मिटून खुणा केल्या तरी चारच्या आसपास बरोबर येतात, हे दोघींना माहीत आहे. बाराच्या खाली आलात तर या खोलीत बसायचं नाही. पुढचं काम मी बघतो, शब्द देत नाही.”

ताईंना कोठाराची खोली मिळाली, तिला हिशेबाची. खिडक्या उघड्या होत्या. साहेब एकेक बाटली तिच्या नाकाखाली धरत होते आणि ती प्रत्येक वेळी खोल श्वास घेत होती, अगदी प्रामाणिकपणे, जणू या वेळी तरी काहीतरी येईल. लवंग, लिंबू, निलगिरी, पुदिना. तिने एकावर खूण केली. पुढची बाटली. साहेबांच्या चेहऱ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

तासाभराने साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून उत्तरं जुळवली, पेनाने एकेक टिचकी मारत, आणि खाली बेरीज लिहिली.

थोरलं नाक: सोळापैकी तीन. धाकटं नाक: सोळापैकी पाच.